आजार कोणत्या वाटेने आला? संसर्गजन्य रोगांची साखळी ओळखणे आणि तोडणे

पावसाळा सुरू झाला की नाशिकमधल्या दवाखान्यांच्या बाकांवर तापाचे, जुलाबाचे, काविळीचे आणि खोकल्याचे रुग्ण शेजारीशेजारी बसलेले दिसतात. हे आजार त्यांच्या घरांत वेगवेगळ्या वाटांनी शिरलेले असतात, आणि ती वाट ओळखली नाही तर कष्ट होतात, खर्चही होतो, पण आजार थांबत नाही. डेंग्यूचे रुग्ण सापडलेल्या गल्लीत गटारांच्या कडेने पांढरी पावडर टाकली जाते, काविळीच्या रुग्णाच्या तोंडाला मास्क बांधला जातो, क्षयरोग्याचे ताट-वाटी वेगळे काढले जाते. या तिन्ही उपायांनी त्या त्या आजाराची वाट अडत नाही. म्हणून घरात, वाड्यात किंवा गावात आजारपण सुरू झाले की औषधाच्या बरोबरीने हा आजार आला कुठून आणि आता जाणार कुठे, याचा विचार कोणत्या क्रमाने करावा, ते येथे मांडले आहे. हा लेख वैद्यकीय उपचारांचा पर्याय नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

पहिली पायरी : संसर्ग आणि आजार यांत फरक करा

जिवाणू, विषाणू, आदिजीव, बुरशी किंवा जंत शरीरात शिरून वाढू लागले की त्याला संसर्ग म्हणतात; त्या वाढीमुळे ताप, जुलाब, पुरळ अशी लक्षणे दिसू लागली की तो आजार. संसर्ग झालेला प्रत्येक माणूस आजारी पडतोच असे नाही. क्षयरोगाचे जंतू शरीरात गेलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीही होत नाही. साधारणपणे शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच पुढे कधीतरी क्षयरोग होतो. उलट, टायफॉइडमधून पूर्ण बरे झालेल्या काही थोड्या लोकांच्या पित्ताशयात त्याचे जंतू राहून जातात आणि ते महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, मलावाटे बाहेर पडत राहतात. असा माणूस ठणठणीत असतो, कामावर जातो, आणि तो आचारी असेल तर त्याच्या हातचे खाणारे आजारी पडतात. अशा माणसाला वाहक म्हणतात, आणि साथीचे मूळ शोधताना केवळ आजारी माणसांकडे पाहून का भागत नाही, याचे तो उत्तम उदाहरण आहे.

दुसरी गोष्ट, जंतूमुळे होणारा प्रत्येक आजार एका माणसाकडून दुसऱ्याला लागतोच असे नाही. धनुर्वाताचे जंतू मातीतून जखमेत जातात; रुग्णाजवळ बसल्याने धनुर्वात होत नाही. डेंग्यूच्या रुग्णाच्या उशाशी रात्रभर बसले तरी डेंग्यू लागत नाही, मात्र त्याला चावलेला डास काही दिवसांनी इतरांना चावला तर लागतो. ‘हा लागट आहे का’ एवढे विचारून थांबू नये, ‘कशातून लागतो’ हेही डॉक्टरांना विचारावे.

दुसरी पायरी : साखळीच्या सहा कड्या

साथरोगशास्त्रात संसर्गाकडे सहा कड्यांची साखळी म्हणून पाहतात. पहिली कडी रोगजंतू. दुसरी त्याचे आश्रयस्थान, म्हणजे तो जिथे राहतो आणि वाढतो ते ठिकाण. ते माणूस, प्राणी, माती किंवा पाणी यांपैकी काहीही असू शकते. तिसरी बाहेर पडण्याचा मार्ग : खोकल्याचे तुषार, मल, रक्त, जखमेतला पू. चौथी प्रसाराचे साधन, पाचवी नव्या शरीरात शिरण्याचा मार्ग, आणि सहावी, ज्याच्या शरीरात त्या जंतूविरुद्ध प्रतिकारशक्ती नाही असा माणूस. यांतली एक कडी जरी पक्की तुटली तरी पुढचा माणूस वाचतो. सगळ्याच कड्यांवर थोडेथोडे घाव घालत बसण्यापेक्षा त्या आजाराची सर्वांत कच्ची कडी शोधून तिथे जोर लावणे शहाणपणाचे असते.

आपल्या जिल्ह्यात याचा एक जुना दाखला आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि तिथून तो दख्खनभर पसरला. भगूरच्या सावरकर बंधूंचे वडील दामोदरपंत १८९९ मध्ये प्लेगानेच गेले. घरात उंदीर मरून पडू लागले की लोक घरदार सोडून माळावर झोपड्या बांधून राहत. उंदरांवरच्या पिसवा प्लेगाचे जंतू माणसापर्यंत आणतात, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत १८९८ मध्ये प्रयोगाने दाखवले होते, पण ते सर्वमान्य व्हायला पुढे बरीच वर्षे गेली. गावकऱ्यांना पिसवांचे शास्त्र माहीत नव्हते, तरी उंदीर मेला म्हणजे आश्रयस्थान हलले आणि आता पाळी आपली, एवढे त्यांनी अनुभवावरून हेरले होते, आणि माळावर जाऊन ते नेमकी प्रसाराची कडी तोडत होते. त्या काळी रस्तोरस्ती झालेल्या धुरी-धुलाईपेक्षा हा उपाय अधिक नेमका होता, असे माझे मत आहे.

तिसरी पायरी : वाट ठरवा

घरगुती पातळीवर पाच वाटा लक्षात ठेवल्या तरी पुरे.

पहिली वाट हवेची. गोवर, कांजिण्या आणि क्षयरोग यांचे जंतू अतिशय बारीक कणांवर बसून हवेत तरंगत राहतात. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्या खोलीतली हवा लागण करू शकते. फ्लू आणि कोविड हे जवळच्या बोलण्या-खोकण्यातून आणि कोंदट जागेतल्या हवेतून पसरतात. इथे वायुवीजन हाच मुख्य उपाय. २०२० मध्ये अनेक घरांत भाज्या सोडा घालून धुतल्या गेल्या, वर्तमानपत्रांना इस्त्री झाली, आणि त्याच घरांत दारे-खिडक्या लावून दहा माणसे एका खोलीत बसली. वाट चुकीची ठरवली की असे होते. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींजवळ जिथे एकाच खोलीत कामगार पाळीपाळीने झोपतात, तिथे समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहणे हे फरशीवर फिनाइल टाकण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे आहे.

दुसरी वाट मलातून तोंडाकडे जाणारी : कॉलरा, टायफॉइड, हगवण, आणि काविळीचे ‘अ’ व ‘इ’ (हिपॅटायटिस ए व ई) हे प्रकार. पाणी, अन्न, माश्या आणि न धुतलेले हात ही तिची वाहने. तिसरी वाट कीटकांची, म्हणजे डेंग्यू, चिकुनगुन्या, हिवताप. चौथी प्रत्यक्ष स्पर्शाची, जशी खरजेची किंवा डोळे येण्याची. पाचवी रक्ताची आणि शरीरसंबंधांची. एचआयव्ही आणि काविळीचे ‘ब’ व ‘क’ (हिपॅटायटिस बी व सी) प्रकार या वाटेने जातात, आणि ते एकत्र जेवल्याने किंवा एकाच संडासाचा वापर केल्याने लागत नाहीत. कुत्रा चावल्यावर होणारा रेबीज यांत कुठेच बसत नाही, पण त्याबाबत एवढे विसरू नये की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि लगेच लशीसाठी दवाखाना गाठायचा. हळद-चुना लावायचा नाही.

चौथी पायरी : दिवस मागे मोजा

माझ्या मते ही सर्वांत दुर्लक्षित पायरी आहे. जंतू शरीरात शिरल्यापासून पहिले लक्षण दिसेपर्यंतच्या काळाला अधिशयन काळ म्हणतात, आणि प्रत्येक आजाराचा तो साधारण ठरलेला असतो. फ्लूचा एक ते चार दिवस, कॉलऱ्याचा काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत, डेंग्यूचा चार ते दहा दिवस, टायफॉइडचा बहुधा एक ते दोन आठवडे, गोवराचा ताप येईपर्यंत सुमारे दहा दिवस आणि पुरळ उठेपर्यंत सुमारे चौदा, काविळीच्या ‘अ’ प्रकाराचा दोन ते सात आठवडे, तर ‘इ’ प्रकाराचा दोन ते दहा आठवडे.

या आकड्यांचा उपयोग असा. सिन्नरच्या एखाद्या लग्नात दुपारी जेवलेल्यांपैकी अनेकांना त्याच संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, तर पंगतीत एकाकडून दुसऱ्याला लागण झाली असे म्हणता येत नाही. इतक्या लवकर लक्षणे येतात ती बहुधा अन्नात आधीच तयार झालेल्या जिवाणूंच्या विषामुळे. म्हणजे अन्न शिजवल्यानंतर ते तासन्‌तास उन्हाळ्याच्या उष्म्यात उघडे पडले होते का, हे विचारायचे. त्याच लग्नाच्या वऱ्हाडात महिन्याभराने कावीळ दिसू लागली, तर चौकशी पाण्याची आणि बर्फाची करायची.

काविळीच्या बाबतीत याचा आणखी एक परिणाम होतो. गल्लीत आज रुग्ण दिसत आहेत याचा अर्थ पाणी दूषित झाले होते ते काही आठवड्यांपूर्वी. दरम्यान फुटलेली जलवाहिनी दुरुस्तही झालेली असेल. अशा वेळी आज घेतलेला नमुना स्वच्छ निघाला म्हणून ‘पाण्याचा दोष नाही’ असा निष्कर्ष काढणे चूक ठरते. गल्लीतल्या लोकांनी मागच्या दोन महिन्यांत पाणी गढूळ आले, वास आला, रस्ता खोदला गेला, असे काही घडल्याच्या तारखा आठवून लिहून काढल्या, तर त्या तपासणीइतक्याच मोलाच्या असतात.

अधिशयन काळाइतकाच संसर्गक्षम काळही पाहावा, कारण दोन्ही एकच नसतात. गोवराचे मूल पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून पुरळ उठल्यानंतर चार दिवसांपर्यंत लागण करते. काविळीच्या ‘अ’ प्रकारात डोळे पिवळे होण्याच्या एक-दोन आठवडे आधीच मलावाटे सर्वाधिक विषाणू बाहेर पडून गेलेले असतात. म्हणून मुलाचे डोळे पिवळे दिसल्यावर त्याला एकटे कोंडण्यापेक्षा घरातल्या सगळ्यांनी मागच्या पंधरवड्याचा संसर्ग गृहीत धरून संडासानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुण्यावर कटाक्ष ठेवणे अधिक उपयोगी ठरते.

पाचवी पायरी : पाण्याची वाट अडवणे

शहरात गंगापूर धरणाचे पाणी शुद्धीकरण केंद्रातून येते. दोष शिरतो तो बहुधा वाटेत. नळाला अधूनमधून पाणी येते तेव्हा, पुरवठा बंद असताना रिकाम्या नळीत दाब राहत नाही आणि शेजारून जाणाऱ्या गळक्या गटारीचे पाणी फटीतून आत ओढले जाते. म्हणून पाणी सुटल्यावरची पहिली काही मिनिटे ते भांड्यात भरू नये. गोदावरीचा पूर नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला, म्हणजे नाशिककरांच्या पूरखुणेला, लागला की नदीकाठच्या वस्तीत तळमजल्याच्या टाक्यांत पुराचे पाणी शिरते. अशी टाकी नुसती भरून वाहू देऊन भागत नाही, ती उपसून, घासून आणि क्लोरिनने धुऊनच वापरावी लागते. रामकुंडावरून भरून आणलेले तीर्थ देव्हाऱ्यात ठेवावे. लहान मुलांना, गरोदर स्त्रियांना आणि आजाऱ्यांना ते प्यायला देऊ नये. २०२६-२७ च्या सिंहस्थात घरी पाहुणे असतील, तेव्हा हे त्यांनाही आदराने सांगावे.

घरी पाणी खळखळून उकळल्यावर काही मिनिटे उकळू द्यावे, त्याच भांड्यात झाकून निववावे आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे. उकळलेल्या पाण्यात हात बुचकळून पेला भरला की उकळण्याचा गॅस वाया जातो.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतल्या पाड्यांवर विहिरी हाच आधार असतो आणि पहिल्या पावसाचे वाहते पाणी उतारावरची सगळी घाण घेऊन त्यांत उतरते. गॅस्ट्रोचे रुग्ण याच सुमारास वाढतात. विहीर शुद्ध करण्याचे काम ग्रामपंचायत करते, पण गावातल्या दोघा-तिघांना त्याची रीत माहीत असावी. गोल विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजा. व्यासाचा वर्ग गुणिले खोली गुणिले ३.१४, भागिले ४, इतके घनमीटर पाणी. त्याला हजाराने गुणले की लिटर. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर हे २८,२६० लिटर भरते. दर हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम चांगली टीसीएल पावडर (क्लोरिनयुक्त ब्लिचिंग पावडर) लागते, म्हणजे या विहिरीला साधारण ७० ग्रॅम. पावडर थोड्या पाण्यात कालवून तिची पेज करावी, मग बादलीत पाणी वाढवून ढवळावे आणि पाच-दहा मिनिटे थांबावे. खाली बसलेला चुना टाकून द्यावा, वरचे निवळलेले पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने विहिरीत खोल सोडावी आणि खालीवर हलवावी, म्हणजे ते सर्वत्र मिसळते. त्यानंतर किमान एक तास कोणी पाणी भरू नये. पाणी गढूळ असेल तर मात्रा जास्त लागते, म्हणून शेवटी आरोग्य सेवकाकडून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरिन उरले आहे का याची तपासणी, करून घ्यावी. नमुन्याला पिवळा रंग आला तर क्लोरिन शिल्लक आहे. उघड्या पोत्यात वर्षभर पडलेली पावडर निकामी होते. ती कोरड्या, अंधाऱ्या जागी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. जुन्या पावडरीने शुद्ध केलेली विहीर ही न केलेल्यापेक्षा वाईट, कारण लोक निर्धास्त होऊन ते पाणी पितात.

जुलाब सुरू झाल्यास क्षारसंजीवनीचे (ओआरएसचे) सरकारी पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात कालवून घोट-घोट द्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झाले तर ते घातक ठरते, त्यामुळे चमचा शीग लावून भरू नये. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या अशाच द्रावणाने कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले. मूल सुस्त झाले, लघवी थांबली, काहीच पोटात ठरत नसेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर घरी थांबू नये.

सहावी पायरी : डासांची वाट

डेंग्यूचा एडिस डास गटारात वाढत नाही, तो साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि मुख्यतः दिवसा चावतो. अंड्यापासून उडणारा डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असे सांगितले जाते ते या हिशेबाने. पाणी ओतून दिले तरी भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी कोरडी पडून महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून भांडे आतून घासणे हा त्या दिवसाचा खरा भाग. फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलर, कुंडीखालची ताटली, मनी प्लांटची बाटली, गच्चीवरचे टायर आणि बांधकामावरच्या सिमेंटच्या टाक्या पाहाव्यात. ज्या टाक्या रिकाम्या करता येत नाहीत, त्यांत गप्पी मासे सोडावेत किंवा मनपाच्या कर्मचाऱ्यांकडून अळीनाशक टाकून घ्यावे. धूरफवारणी केवळ त्या वेळी उडत असलेले डास मारते. अळ्यांना तिने काही होत नाही. फवारणीची गाडी आली नाही म्हणून नगरसेवकाकडे जाणाऱ्या मंडळींनी आधी स्वतःच्या गच्चीवर चक्कर मारावी.

रुग्णालाही मच्छरदाणी लागते, आणि तीही दिवसा. ताप आल्यापासून साधारण पाच दिवस त्याच्या रक्तात विषाणू असतो. त्या काळात त्याला चावलेला डास आठ ते बारा दिवसांनी दुसऱ्यांना आजार देऊ लागतो. डेंग्यूची शंका असल्यास अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस अधिक जपण्याचे असतात : पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणे, यांपैकी काहीही दिसले तर तडक रुग्णालयात न्यावे.

सातवी पायरी : शेवटची कडी, म्हणजे आपण

लागण किती वेगाने पसरेल, हे एक रुग्ण सरासरी किती जणांना आजार देतो यावर ठरते. प्रतिकारशक्ती कोणालाच नसलेल्या समाजात गोवराचा हा आकडा १२ ते १८ धरतात, तर हंगामी फ्लूचा एक ते दोनच्या दरम्यान. त्यामुळे गोवर रोखायचा तर वस्तीतल्या सुमारे ९५ टक्के लोकांना प्रतिकारशक्ती असावी लागते. संपूर्ण शहराची सरासरी चांगली असली तरी एखाद्या मोहल्ल्यात लस न घेतलेली मुले एकवटली असतील तर उद्रेक तिथे होतो. २०२२ च्या अखेरीस मुंबई आणि भिवंडीबरोबर आपल्या मालेगावातही गोवर उसळला होता. गोवर-रुबेलाची पहिली लस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत दिली जाते. ऊसतोडीसाठी, द्राक्षांच्या कामासाठी किंवा बांधकामावर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांत दुसरा डोस हमखास राहतो. लसीकरणाचे कार्ड हरवले असले तरी जवळच्या आरोग्य केंद्रात लस मिळते, हे त्यांना कोणीतरी सांगितले पाहिजे.

क्षयरोगात मात्र तोडण्याजोगी कडी म्हणजे लवकर निदान. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, वजन घटणे किंवा संध्याकाळचा ताप असेल तर थुंकीची तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते. नेहमीच्या औषधांना दाद देणारा क्षयरोग असेल, तर उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच लागण करण्याची क्षमता बरीच घटते, पण औषधे किमान सहा महिने घ्यावी लागतात.

आठवी पायरी : नोंद करा आणि कळवा

एकाच गल्लीत किंवा पाड्यावर आठवड्याभरात सारख्याच लक्षणांचे तीन-चार रुग्ण दिसले, तर वाट पाहू नये. गावात आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला, शहरात मनपाच्या आरोग्य केंद्राला कळवावे. १८५४ मध्ये लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी कॉलऱ्याचे मृत्यू नकाशावर मांडले आणि ते ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाभोवती दाटलेले दाखवले, तेव्हा कॉलऱ्याचा जंतू वैद्यकात सर्वमान्य व्हायला अजून तीस वर्षे होती. अशी मांडणी वहीच्या एका पानावरही करता येते : रुग्णाचे वय, घर, लक्षणे सुरू झाल्याची तारीख आणि वेळ, पिण्याचे पाणी कोणत्या नळाचे किंवा विहिरीचे, मागच्या आठवड्यात बाहेर काय खाल्ले, कोणत्या गावाला जाणे झाले. आजारी न पडलेल्या शेजाऱ्यांची हीच माहिती बाजूच्या रकान्यात लिहावी, कारण एकाच विहिरीवर पाणी भरणाऱ्या दोन घरांपैकी एकातच आजार असेल तर दोष विहिरीत नसून त्या घराच्या रांजणात असण्याची शक्यता अधिक. हा कागद आरोग्य सेवकाच्या हाती दिला की पाण्याचा नमुना नेमका कुठून घ्यायचा, हे त्याला तिथल्या तिथे ठरवता येते.